चालकावाचून चालणारी मोटार व तिची घरातील परीक्षा

भात, नाचणी, खते व गुरे यांविषयी लिहिणाऱ्या या मासिकात चालकावाचून चालणाऱ्या मोटारीचा विषय पाहून आमच्या काही वाचकांस नवल वाटेल. निवृत्त कारकुनाचा हा रिकामा उद्योग आहे, असेही कोणी म्हणेल. परंतु ज्या रस्त्याने आपला पेंढा जातो, आपली गुरे पलीकडे जातात व आपली मुले शाळेस जातात, त्या रस्त्यावर उद्या काय धावणार, हा प्रश्न शेतकऱ्याचाच आहे. शिवाय या विषयाच्या मुळाशी असलेली गोष्ट आपल्या चांगल्या ओळखीची आहे. मृगापूर्वी आपण पेरावयाच्या भातातील शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो, आठवडाभर ओल राखतो आणि किती दाण्यांस मोड आले ते पाहतो. ऐंशी उगवले तर बियाणे ठीक. पन्नासच उगवले तर बियाणे बदलावे, हे उघड आहे. मूठभर दाण्यांवर केलेली ही परीक्षा सबंध हंगाम वाचविते. मोटार चालविणाऱ्या सॉफ्टवेअरची, म्हणजे संगणकास लिहून दिलेल्या आज्ञावलीची, अशीच एक गोणपाटातील परीक्षा असते. तिला सिम्युलेशन म्हणतात. ती कशी घेतात, तिचा उपयोग किती, आणि तिच्यावर कोठपर्यंत विसंबावे, हे आम्हांस जसे समजले तसे येथे सांगत आहोत.

हा विचार आताच का?

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, आणि नागपुराहून निघालेला ७०१ किलोमीटरांचा रस्ता आपल्या ठाणे जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यात येऊन पोहोचला. शहापूर, कल्याण व भिवंडी तालुक्यांतील कित्येकांच्या जमिनी त्यात गेल्या. महामार्गावर बैलगाडी नाही व गुरेही नाहीत. तेथे यंत्राने मोटार चालविणे त्या मानाने सोपे. पण तीच मोटार आमण्यास खाली उतरून पडघा, बापगाव, गांधारी पूल या वाटेने कल्याणास येऊ लागली म्हणजे तिची गाठ आपल्याशी पडते.

पूर्णपणे चालकावाचून धावणाऱ्या मोटारी आपल्या देशात येऊ देणार नाही, कारण त्यामुळे चालकांचा रोजगार जाईल, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री श्री. नितीन गडकरी यांनी २०१७ साली व पुन्हा २०२३ साली जाहीरपणे सांगितले. तथापि अर्धे काम यंत्राने करावे व चालकाने लक्ष ठेवावे, अशा मोटारी आपल्याकडे केव्हाच आल्या आहेत. २०२१ साली महिंद्र कंपनीने आणलेल्या एक्सयूव्ही ७०० या मोटारीच्या काही प्रकारांत पुढील वाहनापासून अंतर राखणे, पट्ट्याबाहेर जाऊ न देणे व टक्कर होईल असे दिसताच आपोआप ब्रेक लावणे, ही कामे यंत्र करते. म्हणजे आपल्या बैलापुढे ब्रेक लावावयाचा की नाही, हे काही अंशी आजच आज्ञावली ठरवीत आहे.

यंत्र म्हणजे संकट, असेही आमचे म्हणणे नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, असा सरकारी आकडा आहे; आणि त्या वेळी वाहने माणसेच चालवीत होती. यंत्र झोपत नाही व दारू पीत नाही. प्रश्न इतकाच की, त्यास आपला रस्ता शिकविला आहे काय, आणि शिकविला असल्यास परीक्षा कोणी घेतली?

रस्त्यावरच परीक्षा का घेऊ नये?

साधा मनुष्य म्हणेल की, मोटार रस्त्यावर सोडावी, चुकली तर दुरुस्त करावी. परंतु चुकली म्हणजे कोणाचे तरी हाडमांस मोडले. दुसरी अडचण हिशेबाची आहे. अमेरिकेतील रँड या संशोधन संस्थेने २०१६ साली असा हिशेब मांडला की, यंत्राची मोटार माणसाइतकी तरी निर्धोक आहे हे केवळ रस्त्यावर चालवून खात्रीने सिद्ध करावयाचे, तर एकही प्राणघातक अपघात न होता तिने सुमारे ४४ कोटी किलोमीटर धावावयास हवे. शंभर मोटारी ताशी ४० किलोमीटर वेगाने रात्रंदिवस, वर्षाचे ३६५ दिवस चालविल्या तरी यास साडेबारा वर्षे लागतात. आणि मध्यंतरी आज्ञावलीत दुरुस्ती केली की हिशेब पुन्हा पहिल्यापासून!

यावर तोड म्हणून अनुकरणाने परीक्षा घेण्याची रीत निघाली. अमेरिकेतील वेमो या कंपनीने २०१९ च्या जुलैत जाहीर केले की, त्यांच्या आज्ञावलीने संगणकातील खोट्या रस्त्यांवर १६०० कोटी किलोमीटर मजल मारली आहे. खऱ्या रस्त्यांवरील त्यांची मजल तेव्हा याच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास होती.

टेबलावरचा रस्ता

आमचा एक भाचा डोंबिवलीस राहतो व पुण्याच्या एका कंपनीसाठी याच प्रकारचे काम करतो. कचेरीचे काम परक्यास दाखविण्याची परवानगी नसल्याने त्याने आम्हांस ‘कार्ला’ नावाची, कोणासही फुकट मिळणारी साधने घरच्या संगणकावर लावून दाखविली. ही २०१७ साली परदेशातील संशोधकांनी तयार करून जगास खुली केली. नाव लेण्यांचे असले तरी लेण्यांशी तिचा संबंध नाही.

पडद्यावर एक गाव दिसते : रस्ते, घरे, झाडे, चालणारी माणसे. त्यात एक मोटार उभी असते. तिचे वजन, चाकांची पकड व ब्रेकांची ताकद हे सर्व आकड्यांनी लिहिलेले असते. खऱ्या मोटारीस डोळ्यांच्या जागी कॅमेरे, रडार व किरणांनी अंतर मोजणारे लायडार असते. येथे त्यांस जे दिसले असते ते चित्र संगणक तयार करतो व आज्ञावलीपुढे ठेवतो. आज्ञावली ते खरेच समजते आणि सुकाणू, वेग व ब्रेक यांस हुकूम सोडते. त्या हुकुमाने मोटार किती सरकली याचा हिशेब सेकंदाच्या अगदी लहान अंशात होतो. मोटार सरकली की चित्र बदलते, आणि नवे चित्र पुन्हा आज्ञावलीपुढे येते. रहाटाची माळ जशी भरते, रिती होते व पुन्हा भरते, तसे हे चक्र परीक्षा संपेपर्यंत फिरत राहते. आज्ञावलीस आपण रस्त्यावर नसून टेबलावर आहोत याचा पत्ताच नसतो. सारी मौज त्यातच आहे.

आमच्या वाचकांपैकी ज्यांस दप्तराची माहिती आहे त्यांस दुसरी गोष्ट लगेच पटेल. रस्ता कसा आहे हे एका कागदात व त्यावर काय घडते हे दुसऱ्या कागदात लिहिण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरलेली आहे. पहिलीस ओपनड्राइव्ह व दुसरीस ओपनसिनारिओ म्हणतात. आपल्याकडील गावनकाशा व गावनमुना यांसारखेच हे समजावे. नकाशा एकदा केला की नमुन्यात पाहिजे तितके प्रसंग लिहिता येतात.

प्रसंग लिहिण्याचा उपयोग आकड्यांनी सांगतो. मोटारीचे दहा वेग, गुरू आडवे येण्याची दहा अंतरे, रस्त्याच्या ओलीचे पाच प्रकार, उजेडाचे पाच व गुराच्या चालीचे चार प्रकार घेतले, तर एकाच प्रसंगाच्या १०,००० परीक्षा होतात. प्रत्येकीस अर्धा मिनिट धरले तरी एक संगणक त्या साडेतीन दिवसांच्या आत उरकतो. खऱ्या रस्त्यावर खरे गुरू दहा हजार वेळा मोटारीपुढे कोण सोडणार?

टेबलावर उत्तीर्ण झाली म्हणजे मोटार लगेच रस्त्यावर येते असे नाही. पुढील पायरीस मोटारीत बसवावयाची खरी संगणकपेटीच या खोट्या रस्त्याशी जोडतात. त्यानंतर बंदिस्त मैदानावर खरी मोटार चालवितात. आणि मग रस्ता. वाहनांच्या परीक्षा घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यास आहे. इंदूरजवळ पिथमपूर येथे २०२१ साली ११.३ किलोमीटरांची मोठी धावपट्टी खुली झाली. आपल्या शेजारी पवईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांच्या ‘सेड्रिका’ या चमूनेही आपोआप चालणाऱ्या मोटारीवर काम केले आहे. सारांश, ही विद्या आपल्या उंबरठ्यापर्यंत आलेली आहे.

लावणीच्या दिवसांतील हिशेब

आम्ही भाच्यास म्हटले, “तुझी मोटार आमच्या मुरबाड रस्त्यावर आषाढात चालवून दाखव.” तो म्हणाला, “मामा, तुम्ही रस्ता सांगा, मी घालतो.” तेव्हा आम्ही त्यास चिखलणीचे दिवस सांगितले. ट्रॅक्टर शेतातून निघून डांबरी रस्त्यावर येतो आणि त्याच्या चाकांची चिकण माती पंचवीस-तीस हात रस्ताभर पसरते. वरून पावसाची भुरभुर. हे आपण सर्वांनी पाहिले आहे, व मोटारसायकली तेथे कशा घसरतात तेही पाहिले आहे.

भाच्याने कागदावर जो हिशेब केला तो येथे देतो. वेग ताशी ६० किलोमीटर, आणि अडथळा दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत यंत्रास अर्धा सेकंद लागतो असे धरले. कोरड्या डांबरावर चाकांच्या पकडीचा अंक ०.७ धरल्यास मोटार सुमारे २९ मीटरांत थांबते. ओल्या रस्त्यावर तो ०.४ धरल्यास ४४ मीटर लागतात. चिखलाने माखलेल्या रस्त्यावर ०.२५ धरल्यास ६५ मीटर लागतात. मोटार तीच, ब्रेक तेच, आज्ञावली तीच. फक्त आपल्या ट्रॅक्टरने टाकलेली माती मध्ये आली, आणि अंतर दुपटीहून वाढले.

नंतर पडद्यावर म्हैस घालावयाची होती. आम्ही पाहिलेल्या यादीत माणसे होती, मोटारी व दुचाक्या होत्या, कचऱ्याचे डबेसुद्धा होते, म्हैस नव्हती. शेवटी म्हशीएवढा एक खोका करून तो रस्त्यात हळूहळू सरकविला. कोरड्या दुपारी भाच्याने स्वतः लिहिलेली आज्ञावली खोक्याच्या बरीच अलीकडे थांबली. ओल्या सायंकाळी थोडक्यात थांबली. चिखल घालताच मोटार खोक्यास धडकली. आम्ही क्षणभर डोळे मिटून घेतले. भाचा मात्र खूश झाला! “मामा, ही चूक येथे सापडली, रस्त्यावर सापडली असती तर?” असे म्हणून त्याने आज्ञावलीत रस्ता निसरडा असल्याची चाहूल लागताच वेग आधीच कमी करण्याची सोय केली, व तीच परीक्षा पुन्हा घेतली. या खेपेस मोटार थांबली. त्या अर्ध्या तासात आमचे या विद्येविषयीचे अर्धे मत बदलले.

एक पंचनामा

उरलेले अर्धे मत का बदलले नाही, ते सांगणे भाग आहे. नोकरीत असताना आम्हांस एका अपघाताच्या पंचनाम्यास हजर राहावे लागले होते. दिवाळीनंतरचे दिवस, रात्रीचे आठ वाजलेले. पेंढ्याने भरलेली बैलगाडी रस्त्याच्या कडेने चालली होती. पेंढा दोन्ही बाजूंस इतका लोंबत होता की चाके दिसत नव्हती, बैल दिसत नव्हते, कंदीलही झाकला गेला होता. मागून आलेली मोटार तीवर आदळली. गाडीवान जगला, एक बैल गेला. मोटारवाला हात जोडून एकच वाक्य सांगत होता : “साहेब, मला ती गाडी आहे असे वाटलेच नाही.” तो खोटे बोलत नव्हता. मागून पाहता ती गाडी नव्हती, चालती गंज होती.

हे वाक्य आम्हांस पुढे अमेरिकेतील एका अपघाताची हकीकत वाचताना आठवले. १८ मार्च २०१८ च्या रात्री ॲरिझोना संस्थानातील टेंपी या गावी उबर कंपनीच्या, परीक्षेसाठी फिरणाऱ्या यंत्रचलित मोटारीने रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीस ठार केले. ती हाताने सायकल ढकलीत चालली होती. तेथील सरकारी चौकशीत निघाले की, यंत्रास ती टकरीपूर्वी ५.६ सेकंद दिसली होती. तितक्या वेळात मोटार त्या वेगाने सुमारे शंभर मीटर जाते, म्हणजे थांबण्यास जागा होती. पण आज्ञावली तिला कधी वाहन, कधी ‘इतर वस्तू’, तर कधी सायकल समजत राहिली, आणि प्रत्येक वेळी समज बदलला की तिच्या चालीचा आधीचा हिशेब टाकून देत गेली. ओलांडण्याच्या ठरलेल्या जागेखेरीज माणूस रस्ता ओलांडील, हे आज्ञावली लिहिणाऱ्यांनी धरलेच नव्हते. देखरेखीस बसलेल्या व्यक्तीचे लक्षही रस्त्यावर नव्हते.

आमच्या मते या हकिकतीतील बोध असा. जो प्रश्न परीक्षेत घातलाच नाही, त्याचे उत्तर चुकले हे परीक्षेत कळत नाही. टेबलावर कोट्यवधी किलोमीटर धावलेली मोटारही, ज्या गोष्टीची कोणास कल्पना सुचली नाही, त्या गोष्टीपुढे कोरीच असते.

चावडीतली पीकपाहणी

आम्ही ज्या खात्यात नोकरी केली तेथील एक जुने पाप येथे कबूल करतो. पीकपाहणी बांधावर जाऊन करावयाची असते. पण एका कचेरीत ती चावडीत बसून, मागील वर्षाच्या नोंदीवरून उतरवून घेतलेली आम्ही पाहिली आहे. कागद स्वच्छ, बेरजा बरोबर, सही-शिक्का जागच्या जागी. आणि जेथे भात लिहिले तेथे नुसते गवत! १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून मोबाईलवर पिकाचे छायाचित्र घेऊन नोंद करण्याची ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली, तिच्या मुळाशी हाच अनुभव होता. जो बांधावर उभा आहे त्याची नोंद खरी.

संगणकातील परीक्षेचेही असेच आहे. कार्लातील तयार गावांत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. आपण डावीकडून चालतो. एवढे बदलता येते. परंतु उलट दिशेने कडेकडेने येणारी रिक्षा, शीळ रस्त्यावर काटईच्या गर्दीत दोन वाहनांमधून वाट काढणारा दुचाकीवाला, पाण्याखाली गेलेला खड्डा, रस्त्यावर वाळत घातलेले भात, गोफणीच्या आवाजाने बिथरलेले गुरू, ही कोण घालणार? हैदराबादच्या आयआयआयटी संस्थेने २०१८ साली भारतीय रस्त्यांची सुमारे १०,००० चित्रे एकत्र करून, त्यांतील प्रत्येक वस्तूस नाव देऊन जगापुढे ठेवली. त्यांत रिक्षा व जनावरे यांस वेगळे स्थान दिले. हे मोठेच काम झाले. पण ती चित्रे हैदराबाद, बंगळूर व त्यांच्या आसपासची आहेत. कल्याणचा आषाढ त्यांत नाही.

आणखी एक मर्यादा आहे. पडद्यावरचा पाऊस कॅमेऱ्याच्या काचेवर चिखल उडवीत नाही. उडविला तरी तो आपण लिहू तितकाच उडतो. म्हणून चांगला परीक्षक एकच प्रसंग टेबलावर व मैदानावर असा दोन्हीकडे करून पाहतो. टेबलावर मोटार २९ मीटरांत थांबली आणि मैदानावर ३५ लागले, तर आधी टेबलावरचा हिशेब सुधारतो, मगच पुढील परीक्षा घेतो. गोणपाटात नव्वद दाणे उगवले व शेतात साठच उगवले, तर आपणही बियाण्याआधी गोणपाटाचा विचार करतो. आणि सर्व बरोबर करूनही २६ जुलै २००५ सारखा दिवस येतोच, त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि आपल्या उल्हास खोऱ्यात कोणाचाच अंदाज टिकला नाही. अशा दिवशी ‘मला कळत नाही’ असे ओळखून मुकाट्याने कडेस थांबणे, हेही यंत्रास शिकविले पाहिजे व त्याचीही परीक्षा घेतली पाहिजे.

आपण काय करावे?

आज्ञावली लिहिणे हे आपले काम नव्हे. पण प्रश्नपत्रिकेत काय असावे हे सांगणे आपल्यावाचून दुसऱ्यास जमणार नाही. सबब आमची सूचना अशी की, आपल्या मंडळाच्या कचेरीत एक नोंदवही ठेवावी व प्रत्येक गावाने आपल्या रस्त्यावरील धोक्याचे प्रसंग तीत लिहावेत. प्रत्येक नोंदीत सहा गोष्टी असाव्यात : जागा, महिना व वेळ, रस्ता कोरडा, ओला की चिखलाचा, आडवे काय येते व कोणत्या बाजूने, ते किती अंतरावरून दिसू लागते, आणि त्या वेळी वाहने साधारण किती वेगाने येतात. ‘येथे फार धोका आहे’ असे लिहून भागणार नाही. ‘शाळेच्या वळणावर, आषाढ-श्रावणात, सकाळी सात वाजता, डाव्या बाजूच्या पायवाटेने मुले, तीस पावलांवरून दिसतात’ असे लिहावे. म्हणजे त्याचा प्रसंग करून तो संगणकात घालता येतो. अशी वही झाली म्हणजे तिच्या प्रती पुण्याच्या व पवईच्या संस्थांकडे पाठविता येतील. यंत्राची मोटार आली नाही तरी वही वाया जात नाही. तीच बांधकाम खात्यास दिवे व गतिरोधक मागताना उपयोगी पडेल.

दुसरे, उद्या कोणी अशी मोटार, किंवा आपल्याआप चालणारा ट्रॅक्टर, घेऊन आपल्याकडे आला, तर त्यास तीन प्रश्न विचारावेत. परीक्षेत आमच्याकडील प्रसंग होते काय? टेबलावरचा निकाल मैदानावर ताडून पाहिला काय? आणि ज्या परीक्षांत यंत्र नापास झाले, त्यांची यादी दाखविता काय? किती कोटी किलोमीटर धावली हे सांगून तो तिसरे उत्तर टाळील, तर त्याचा माल तूर्त परत पाठवावा.

तिसरे आपल्या स्वतःच्या हातातील. चिखलणीनंतर ट्रॅक्टरची चाके बांधावरच धुवावीत वा खरवडावीत, आणि पेंढ्याच्या गाडीच्या मागे, गंजीच्या बाहेर दिसेल असा, तांबडा चमकणारा पट्टा बांधावा. तो माणसालाही दिसतो आणि यंत्रालाही.

नोंदवहीची पहिली नोंद आम्ही स्वतः लिहून देत आहोत. कल्याण-मुरबाड रस्ता, कार्तिक महिना, रात्री आठ, रस्ता कोरडा, पुढे त्याच दिशेने चाललेली पेंढ्याची बैलगाडी, दिवा झाकलेला, चाके न दिसणारी, मागून येणाऱ्यास वीस पावलांच्या आत कळते. दुसरी नोंद कोणी लिहावी ते वाचकांनी ठरवावे.